समुद्राच्या बाजूचं घर

लुकियाने फोन ठेवला आणि कागदावरच्या पाचव्या नावावर आडवी रेघ मारली. कागद शाळेतला होता. मागच्या बाजूला शेवटच्या वर्गाच्या परीक्षेचं वेळापत्रक छापलेलं होतं.

"मिळाली नाही खोली?" देस्पिनूने विचारलं. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ती चवळीच्या शेंगांच्या शिरा काढत होती. चालायची चौकट शेजारी भिंतीला टेकवलेली होती आणि तिच्यावर हात पुसायचा पंचा टाकलेला होता.

"मिळाली होती, आई. कालच धरून ठेवली होती. आज सकाळी तू म्हणालीस लार्नाका नको. म्हणून आत्ता नको म्हणून कळवलं."

"बरं केलंस. लार्नाकाची वाळू म्हणजे माती. त्यात पाय घातला की तो धुवायला दुसरा समुद्र शोधावा लागतो."

एरवी लुकियाला अशा बोलण्याचं हसू यायचं. आज तिने नुसतं पेनाचं टोपण लावलं.

जानेवारीत देस्पिनू न्हाणीघरात घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून लुकिया पहाटे पाचला उठत होती. आईला उठवायचं, न्हाऊ घालायचं, तिचं खाणं झाकून ठेवायचं, मग शाळेची कचेरी गाठायची. दुपारी दोनला परत आलं की आईचा व्यायाम, औषधं, पुन्हा स्वयंपाक. मागच्या आठवड्यात ती ओट्याशी उभ्या उभ्याच झोपली होती. नळाखाली धरलेला पेला भरून वाहू लागला आणि गार पाणी कोपरापर्यंत आलं, तेव्हा तिला जाग आली. दुसऱ्या दिवशी तिने मुख्याध्यापकांकडे रजा मागितली. बुधवार ते रविवार मिळाली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, आजींना गुडघाभर समुद्राच्या पाण्यात चालवा, फार बरं वाटेल. लुकियाने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. खरं म्हणजे तिला पाणीही नको होतं आणि वाळूही. चार सकाळी दुसऱ्या कुणीतरी आपलं अंथरूण आवरावं, दुसऱ्या कुणीतरी आपल्यापुढे ताट ठेवावं, एवढंच हवं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि खोली शोधायचं इतकं साधं काम, पण दहा दिवस झाले तरी जमत नव्हतं. बेट केवढंसं, कुठूनही दोन तास गाडी हाकली की समुद्र लागतोच. पण देस्पिनूला एकही समुद्र पसंत पडेना. प्रोतारासला म्हणे पाणी दिसतच नाही, नुसत्या छत्र्या. पाफोसला दगड. "एक हाड मोडलंय, दुसरं मोडून घ्यायला जायचं का?" पिसुरीला वारा. लिमासोलला श्रीमंत लोक, आणि त्यांचे कुत्रे त्यांच्यापेक्षा श्रीमंत.

या नावं ठेवण्यामागे काय आहे, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी तिला फार बोलत नसे. देस्पिनू वरोशाची. तिथला समुद्र म्हणजे समुद्र, बाकी सगळी डबकी. त्या ऑगस्टात परकं सैन्य आलं तेव्हा ती दोन पोरं, नवरा आणि एक पिशवी घेऊन निघाली. दोन-तीन दिवसांत परत येऊ म्हणून पडदेसुद्धा ओढले नव्हते, असं ती सांगायची. मागे शहर ओस पडलं, त्याच्याभोवती काटेरी तारा पडल्या आणि ते नव्या सीमेपलीकडे राहिलं. त्याला एकोणपन्नास वर्षं झाली. निकोसियाच्या कडेला सरकारने निर्वासितांसाठी तात्पुरती म्हणून घरांची ओळ बांधली होती. त्याच ओळीतल्या सातव्या घरात देस्पिनू आणि लुकिया अजून राहत होत्या.

समुद्राच्या बाजूचं घर. लुकिया या शब्दांवर वाढली होती. दार उघडलं की वाळू. गच्चीतून दिसणारी बोटींची रांग. लांबलचक पांढरा व्हरांडा, ज्याच्या टोकाला निळं पाणी. हा व्हरांडा तर लुकियाला स्वतःलाच आठवत होता. तेव्हा ती सहा वर्षांची होती. गार फरशीवरून ती एक लाल चेंडू सोडायची आणि तो पाण्याच्या दिशेने पळत जायचा. वरोशाची म्हणून तिच्याकडे तेवढी एकच आठवण होती.

निर्वासित झाल्यापासून देस्पिनूने समुद्रात पाऊल टाकलं नव्हतं. नातेवाईक उन्हाळ्यात किनाऱ्यावर जमले, तर ती खुर्ची उलटी फिरवून, पायांत मोजे-बूट तसेच ठेवून बसायची. हळूहळू लोक म्हणायला लागले की तिने शपथ घेतली आहे; आपल्या पाण्यात जाईन तेव्हाच पाय भिजवीन. देस्पिनू त्यावर होही म्हणत नसे आणि नाहीही. चर्चमधल्या बायका तिला मान द्यायच्या.

लुकिया चोवीस वर्षांची असताना निओफितोस नावाचा एक मुलगा तिला मागणी घालायला आला होता. भिंतींना गिलावा करणाऱ्याचा मुलगा, डोंगरातल्या खेड्यातला, हात मोठे, बोलणं थोडं. लुकियाला तो आवडला होता. देस्पिनूने त्याला कॉफी दिली, चेरीचा मुरंबा दिला आणि तो गेल्यावर म्हणाली, "पोरगा वाईट नाही. पण आपण समुद्राच्या बाजूच्या घरातली माणसं. उद्या परत गेलो की काय तोंड दाखवायचं?" उद्या परत जायचंच होतं तेव्हा. सगळेच तसं म्हणत होते. नंतर आणखी दोघे येऊन गेले. पुढे कुणी आलं नाही.

रविवारी पांबोस आला. लुकियाचा धाकटा भाऊ. लार्नाकात त्याचं टायरचं दुकान. एका हाताने कलिंगड पोटाशी धरून तो आत शिरला आणि बसायच्या आधीच त्याने सगळं ठरवून टाकलं.

"मी सुटका करतो तुमची. शनिवारी मी गाडी घेऊन येतो. सकाळी पलीकडे जायचं, वरोशाला. समुद्राकाठचा रस्ता आता चालायला मोकळा केलाय, आई. माझ्या ओळखीचे पन्नास लोक जाऊन आले. घरांना दोऱ्या बांधल्यात, आत सोडत नाहीत, पण रस्त्यावरून दिसतं सगळं. तू आम्हाला बोट दाखवून घर दाखवायचंस. संध्याकाळी परत, रात्री प्रोतारासला मुक्काम."

"प्रोतारासला छत्र्या आहेत," देस्पिनू म्हणाली.

"छत्र्या असू देत. त्या काही चावत नाहीत."

"आणि पासपोर्ट दाखवून मी माझ्या घरी जायची नाही. वीस वर्षं सांगतेय."

सीमेवरचा नाका उघडला आणि पासपोर्ट दाखवून पलीकडे जाता येऊ लागलं, तेव्हापासून ती हेच सांगत होती. आजवर हे वाक्य आलं की विषय मिटायचा. पांबोस निर्वासितांच्या संघटनेत होता. तो हे वाक्य सभेत अभिमानाने सांगायचा. त्याच्या दिवाणखान्यात जुन्या वरोशाचं भिंतभर चित्र होतं. पाहुण्यांना तो त्यातल्या एका जागेवर बोट ठेवून म्हणायचा, इथे, या उंच इमारतीच्या मागे, तिथे आमचं घर. आज मात्र तो हटला नाही.

"आई, तुझ्यापेक्षा संयुक्त राष्ट्रांशी बोलणी सोपी."

"त्यांनी पन्नास वर्षांत काय दिवे लावले?"

"तू एक्याऐंशीची झालीस. मी त्रेपन्नचा. मला एकदा दारासमोर उभं राहायचंय. नुसतं उभं राहायचंय. वकील कागद मागतो तर कागद तिकडेच पेटीत राहिले म्हणतेस. गल्लीचं नाव विचारलं तर विसरले म्हणतेस. निदान डोळ्यांनी तरी दाखव."

देस्पिनूने मदतीसाठी लुकियाकडे पाहिलं. आजवर अशा वेळी लुकियाच मध्ये पडायची. जाऊ दे पांबोस, तिला त्रास होतो. आज ती कलिंगडाच्या फोडीतल्या बिया काट्याने एकेक बाजूला काढत होती.

"जाऊन येऊ या, आई," ती म्हणाली. मान वर न करताच म्हणाली. "एकदाचं जाऊ या. मग तरी तुला बाकीचे समुद्र चालतील. मला पाच दिवस मिळालेत गं. पुन्हा केव्हा मिळतील ठाऊक नाही."

देस्पिनूने चौकट पुढे ओढली, दोन्ही हातांवर भार देऊन उठली आणि आपल्या खोलीत गेली. ताटातलं हलूमी चीज तसंच राहिलं.

"येईल," पांबोस हळूच म्हणाला. "या वेळेस नाही म्हणाली नाही. पाहिलंस ना?"

सोमवारी लुकिया शाळेतून आली तेव्हा झाकून ठेवलेलं जेवण जसंच्या तसं होतं. देस्पिनू बाहेर जाण्याचे कपडे घालून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली होती. काळा झगा, मोजे, बूट. केस विंचरलेले.

"कुठे निघालीस?"

"कुठे निघणार? बसलेय."

लुकियाने जास्त विचारलं नाही. विचारलं की उत्तर येणार, उत्तर आलं की त्याचं काहीतरी करावं लागणार. ती मागच्या अंगणात गेली आणि दोरीवरच्या चादरी काढून आणल्या. जूनचं ऊन, चादरी पापडासारख्या कडक झाल्या होत्या. ती एकटीच हनुवटीखाली धरून घडी घालू लागली. तेवढ्यात देस्पिनूने हात पुढे केला.

"दे एक टोक इकडे."

"राहू दे आई."

"दे म्हणते ना."

लुकियाने दोन कोपरे तिच्या हातात दिले आणि उरलेले दोन धरून मागे सरकली. चादर मध्ये ताणली गेली. देस्पिनूने बसल्या जागी मनगटाला एक हिसका दिला आणि कापड सपाट झालं. मग कोपऱ्याला कोपरा, काठाला काठ. लुकिया पुढे आली, टोकं तिच्या हातात दिली, वाकून खालची घडी उचलली, पुन्हा मागे गेली. तीन फेऱ्यांत चादरीचा चौकोन झाला. म्हातारीची बोटं एवढ्या वेगाने चालतात, हे लुकिया विसरूनच गेली होती.

"रोज सकाळी चाळीस व्हायच्या," देस्पिनू म्हणाली.

"कुठे?"

"हॉटेलात."

लुकियाने दुसरी चादर उचलली. तिला वाटलं, आईच्या डोक्यात काहीतरी सरमिसळ होते आहे. या वयात होतं.

"कुठल्या हॉटेलात, आई?"

"वरोशात. समुद्रावर. मी तिथे खोल्या साफ करायचे. तुझे बाबा खाली सामान उचलायचे. तिथेच भेटलो आम्ही." तिने हात पुढेच ठेवला होता. "टोक दे."

लुकियाने टोक दिलं. चादर ताणली गेली, पण पुढची घडी पडली नाही. दोघी दोन बाजूंनी ती धरून राहिल्या.

"आपलं घर समुद्राच्या बाजूला नव्हतं, पोरी. आपलं घरच नव्हतं. दोन खोल्या भाड्याच्या, लिंबं भरायच्या वखारीमागे. तिथून समुद्रावर जायला वीस मिनिटं लागायची, तीही भरभर चाललं तर. पांबोसला मी कुठलं दार दाखवू?"

बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं. ती दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा सुरू झाली.

"पण व्हरांडा," लुकिया म्हणाली. "तो लांब. मला आठवतो."

"तो हॉटेलातला. तिसरा मजला. तुला कुणाकडे ठेवायला नसलं की मी बरोबर न्यायचे. मालकीणबाई दहाला यायच्या, तोवर तू तिथे खेळायचीस. कुणा पाहुण्याच्या पोराने चेंडू टाकून दिला होता."

लुकियाने आपल्या हातातले कोपरे पाहिले. मग ती पुढे आली, ते आईच्या हातात दिले आणि खालची घडी उचलली. अर्धवट ठेवलेलं काम पुरं करायची तिच्या हातांना सवय होती.

"आम्हाला वाळूवर जायची परवानगी नव्हती," देस्पिनू सांगत होती. आता थांबणं तिच्याही हातात राहिलं नव्हतं. "नोकरांनी पाहुण्यांसमोर वाळूवर यायचं नाही, असा नियम. बारा वर्षं मी त्या पाण्याच्या समोर चादरी बदलल्या. पाय काही भिजवला नाही. मला पोहता येत नाही. मला पाण्याची भीती वाटते. लोकांनी म्हटलं शपथ आहे, तर मी म्हटलं असू दे शपथ."

"मग घराचं सांगितलंस कशाला असं?"

"निर्वासितांच्या तंबूत होतो तेव्हा सगळ्याच बायका सांगायच्या. हिचा लिंबाचा मळा, तिचं दुमजली घर. रात्रभर तेच. मी काय सांगणार होते? माझ्या दोन भाड्याच्या खोल्या गेल्या? त्याला कोण रडतं? माझं तर सगळंच गेलं होतं, पोरी. काम गेलं, गल्ली गेली, शेजारणी गेल्या. पण हे सगळं कुणाला दाखवता येत नाही. घर दाखवता येतं. म्हणून एकदा म्हटलं, समुद्राच्या बाजूचं घर. मग बाबांनी ते खोडलं नाही. मग तुम्ही दोघं ते शाळेत सांगून आलात."

लुकियाने चादर टेबलावर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवला. चादरीला सुरकुती नव्हती. तिने पुन्हा हात फिरवला.

देस्पिनू तिच्या हाताकडे बघत होती.

"त्या गिलाव्याच्या पोराला नाही म्हणायला नको होतं," ती म्हणाली.

लुकियाने खुर्ची ओढली आणि बसली. निओफितोस तिला मागच्या वर्षी भाजीबाजारात दिसला होता. त्याचे केस पांढरे झाले होते, आणि खांद्यावर एक लहान मुलगी बसली होती, त्याचे कान धरून.

"तो आता आजोबा झालाय," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला."

तिला वाटलं, आता आपल्याला राग येईल. ती त्याची वाट पाहत बसली. एकतीस वर्षांचा राग, येईल तेव्हा केवढा येईल. पण आत काही हललं नाही. रागवायचं म्हणजे उभं राहावं लागणार, आवाज चढवावा लागणार, आई रडेल, तिला पाणी द्यावं लागेल, रक्तदाबाची गोळी द्यावी लागेल, आणि संध्याकाळी पुन्हा तिला धरून न्हाणीघरात न्यावंच लागेल. तेही एक कामच. ते आज होणार नव्हतं.

तिने उठून कॉफी ठेवली. दोन कप, अर्धा चमचा साखर. फेस वर आला तेव्हा तिने तो आधी आईच्या कपात ओतला. रोज ओतायची तसाच. फक्त कप ठेवताना तो बशीवर जरा जोरात आपटला आणि थोडी कॉफी सांडली. देस्पिनूने बशीतली कॉफी परत कपात ओतून घेतली.

कप रिकामे व्हायच्या आत पांबोसचा फोन आला.

"काय म्हणते? तयार झाली का?"

लुकिया फोन घेऊन दारात गेली. आई मागून बघते आहे, हे तिच्या पाठीला कळत होतं.

"शनिवारचं राहू दे, पांबोस."

"का? पुन्हा पासपोर्ट?"

"नाही. पाय दुखतोय तिचा. आम्ही बुधवारीच निघतो. कुठेतरी दुसरीकडे."

"कुठे?"

"अजून ठरलं नाही."

"दहा दिवस तुम्ही दोघी करता काय?" तो म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून, "तुझा आवाज असा का येतोय?"

"चादरी आवरत होते. धूळ गेली घशात."

ती आत आली. देस्पिनू सरळ बसली होती, दोन्ही हात मांडीवर.

"सांगितलं नाहीस त्याला."

"माझं नाही ते सांगायचं."

"मी गेल्यावर सांग."

"मी नाही सांगणार, आई. तू असतानाही नाही, नसतानाही नाही. तुला सांगायचं तर तू सांग. त्याच्या भिंतीवर चित्र आहे. ते त्याने उतरवायचं की ठेवायचं, तुमचं तुम्ही बघा."

देस्पिनूने मान हलवली. मग ती म्हणाली, "खोलीचं काय?"

लुकियाने आपला मोबाइल उचलला. सकाळी शाळेत तिने आणखी पाच-सहा नावं शोधून ठेवली होती. नेहमी ती नावं मोठ्याने वाचायची आणि आई मान हलवायची. आज तिने फोन सरळ आईपुढे टेबलावर ठेवला, चष्मा शोधून दिला आणि म्हणाली, "तूच बघ. मला काही सुचत नाहीये."

"मला काय कळतंय यातलं?"

"चाळीस चादरींचं कळत होतं ना."

देस्पिनूने तिच्याकडे एकदा पाहिलं. टोमणा होता की नाही, ते तिला समजलं नसावं. लुकियालाही समजलं नव्हतं. मग म्हातारीने चष्मा लावला आणि बोटाने फोटो सरकवायला सुरुवात केली. आधी अडखळत, मग भराभर. समुद्राच्या फोटोंवर ती थांबतच नव्हती. ती पलंग बघत होती.

"हे नको. पलंगावर गडद रंगाचं टाकलंय. डाग लपवायला टाकतात." बोट पुढे गेलं. "इथे उशा फुगवून ठेवल्यात, आत काही नाही. इथे बघ, एका खोलीत चार पलंग, मध्ये झाडू फिरवायलाही जागा नाही. साफ करणारी बाई काय उडत जाणार आहे?" पुन्हा पुढे. "इथली न्हाणी चांगली आहे, पण पायरी आहे. मी पडेन, मग तू पुन्हा पाच महिने."

आई लेकीचेही पाच महिने मोजते आहे, हे लुकियाने पहिल्यांदाच ऐकलं. ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूने उठून आईच्या मागे येऊन उभी राहिली.

"हे," देस्पिनू शेवटी म्हणाली.

पोमोसमधलं एक लहान घर होतं, वायव्येच्या टोकाला, जिथे शहरातले लोक फारसे जात नाहीत. खाली खानावळ, वर पाच खोल्या. फोटो कुणीतरी घाईने काढलेला होता. अर्ध्या फोटोत विजेची तार आली होती.

"यात काय पाहिलंस?"

"गच्चीवर बघ. चादरी उन्हात वाळत घातल्यात. पांढऱ्या. घरातली बाई स्वतः धुते." तिने चष्मा काढला. "अशा ठिकाणी झोप लागते."

लुकियाने फोन लावला. बराच वेळ घंटा वाजली, आणि मग मागे भांड्यांच्या आवाजात एका बाईने उचलला. आवाज एवढा मोठा की तो खोलीभर ऐकू आला. बुधवार ते रविवार, दोन पलंग, आईला जिना चढता येत नाही. बाई म्हणाली, जिन्याचं काही नाही, खाली माझ्या सासूची खोली आहे, ती वर झोपेल, तिला वाऱ्याची हौस आहे. सकाळी काय खाता? अंडी चालतात ना? आमच्याकडे उगीच आठला उठवत नाहीत, हवं तेवढं झोपा. लुकियाने डोळे मिटले आणि कपाळ फ्रीजच्या दाराला टेकवलं. हो, ती म्हणाली. हो, चालेल. हो.

"नाव काय लिहू?"

लुकियाने आईचं नाव सांगितलं.

"देस्पिनू. छान. आणि मूळच्या कुठल्या तुम्ही? माझ्या सासूला आल्यागेल्याला विचारायची सवय आहे, मी आधीच सांगून ठेवते तिला."

इतकी वर्षं हे उत्तर लुकियाच्या तोंडून एका श्वासात निघायचं. गाव, आणि गावापाठोपाठ घर.

"निकोसियाच्या," ती म्हणाली. "आम्ही इथल्याच. निकोसियाच्या."

मागे खुर्ची करकरली. देस्पिनूने टेबलाच्या कडेला धरून अर्धवट वळून पाहिलं होतं.

"वरोशाच्या म्हण," ती हळू आवाजात म्हणाली. "तेवढं खरं आहे."